काळ लावलेली खुर्ची

पाठ

"जरा डावीकडे घ्या," वहिनी म्हणाली.

"होती तिथेच आहे," थोरला म्हणाला.

"कुठली? ती खिडकीला चिकटून असायची. आईंची शाल गजात अडकायची, सोडवायला मीच धावायचे."

थोरल्याने खुर्ची वीतभर सरकवली. फरशीवर जुन्या पायांचे चार फिकट डाग होते, ते नव्या पायांखाली बरोबर झाकले गेले. चौघंही एक पाऊल मागे सरले आणि माल गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी पाहावा तसे खुर्चीकडे पाहत राहिले.

हुबेहूब होती. पाठीवर द्राक्षाची वेल, वरच्या कोपऱ्यातला एक मणी तुटलेला. (थोरल्याने तो आधी निगुतीने कोरला आणि मग पटाशीच्या एका टोल्याने उडवला. उडवताना तोंड फिरवलं होतं.) दोन्ही हातांच्या टोकाला सिंहाची तोंडं. उजव्या सिंहाचं नाक शाबूत, डाव्याचं झिजून खोल गेलेलं. त्या नाकापायी मधलीची बोटं सोलवटली होती.

"आईला दिसतंय काय?" धाकटा म्हणाला. "उजेड आणि अंधार. आपण उगाच घाम गाळतोय."

"तुझा कुठे गळला?" मधलीने विचारलं.

"मी विकली, ताई. विकणं हे काम नाही असं तुम्हा दोघांना आधीपासून वाटत आलंय. तुम्ही कोरायचं, घासायचं, आणि मी म्हणजे नुसता दारात उभा राहून दात दाखवणारा."

"दाखवतोस खरा."

"भांडू नका रे," वहिनी म्हणाली. "आईंची गाडी आली."

गोष्ट, घरात सांगतात तशी

आजोबांच्या वडिलांनी एका मोडीत निघालेल्या हवेलीच्या लिलावात ही खुर्ची घेतली. अक्रोडाची, नक्षीकामाची, कोण जाणे किती जुनी. ती समोर ठेवून त्यांनी दुसरी तशीच घडवली. दुसरी विकली गेली, मग तिसरी. अशा तऱ्हेने एका खुर्चीतून कारखाना उभा राहिला, कारखान्यातून घर, आणि घरात माणसं.

घरातली एकमेव खरी वस्तू म्हणून तिला मूळ म्हणत. मूळ कुठे ठेवलीय, मुळाला धक्का लावू नका, मुळावर पाय कुणी दिला? तिच्यावर एकटी आई बसे. बाकी कुणी बसलं तर बाबा हातातलं हत्यार खाली ठेवत, आणि बाबांनी हत्यार खाली ठेवलं की पोरं पळत.

बाकीचं सगळं सामान जायचं. ही या घराची रीत. नवीन केलेली प्रत्येक खुर्ची, मेज, कपाट आधी काही महिने घरात राहायचं. माणसांनी वापरून ते जुनं करायचं. इथे कोपर टेक. जेवताना पाय दांडीवर ठेव. चावी याच खणात फेक, नीट ठेवू नकोस. धाकट्याने लहानपणी एका मेजावर खिळ्याने घोडा कोरला आणि आता मार बसणार म्हणून माळ्यावर लपला, तर बाबांनी त्याला खाली बोलावून शाबासकी दिली. घोडा दुसऱ्या महिन्यात विकला गेला. धाकटा त्यासाठी दोन दिवस रडला. मग रडायचा थांबला आणि मोठेपणी विक्रेता झाला.

"आमच्या घरात पाहुणा बसला की खुर्चीचा भाव वाढतो," असं तो हल्ली गिऱ्हाइकांना हसत सांगतो.

फक्त मूळ राहिली. ती आणि तिच्यात बसलेली आई. आई उठली की वरच्या मजल्यावर दंगा करणारी पोरं झटकन वह्या उघडून बसत.

हात

आणि तरीही मधलीने मूळ विकायला हो म्हटलं होतं.

आई पाय मोडून रुग्णालयात पडली होती तेव्हाची गोष्ट. धाकट्याने कुठूनसा एक संग्राहक आणला. त्याच्यासोबत जाणकार, जाणकाराच्या हातात भिंग. जाणकाराने वेलीवर बोट फिरवलं, पायांचे पंजे पाहिले, आणि डाव्या सिंहाच्या नाकाशी येऊन थांबला. बराच वेळ तो त्या खळग्यावरून अंगठा फिरवत राहिला.

"ही झीज कुणाला करता येणार नाही," तो म्हणाला.

मधली दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. झीज करणं हाच तिचा धंदा होता. बाबा होते तोवर ते सांगाडा जोडत, थोरला नक्षी कोरे, वहिनी पॉलिश करे, आणि मधली काळ लावे. घरातला शब्दच तो. 'नक्षी झाली, आता मधलीकडे द्या, काळ लावेल.' चहाचा काढा, मेणात कालवलेली काजळी, विटेची वस्त्रगाळ पूड, किल्ल्यांचा जुडगा, बारीक आरी. बाकीच्यांची नावं गिऱ्हाइकांना सांगता येत. तिचं काम असं की ते झालं हे कळता कामा नये. म्हणून तिला कधी कुणासमोर उभं केलं नाही. बघायला आलेल्या एका मुलाने विचारलं होतं, तुम्ही काय करता? बाबांनी तिच्याआधी उत्तर दिलं, घरीच असते.

त्या संध्याकाळी धाकटा म्हणाला, "ताई, मूळ गेली तर कर्ज फिटतं आणि कारखाना राहतो. नाहीतर मागची खोली विकावी लागेल."

मागची खोली म्हणजे तिची. उत्तरेचा उजेड, दगडी हौद, भिंतीला काजळीचे तिच्या खांद्याच्या उंचीचे डाग.

"आणि मूळ विकली तर?"

"खोली तुझ्या नावावर. दादा सही करायला तयार आहे."

थोरल्याने मान हलवली. मान हलवताना तो खिडकीबाहेर पाहत होता, पण हलवली.

"आईला काय सांगायचं?"

"सांगायचं कशाला? तुम्ही दोघं आहात की."

वहिनी एकटी विरोधात होती. "म्हातारीच्या बुडाखालची खुर्ची विकता? उद्या मला विकाल." तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मग तिनेही पॉलिशची बाटली काढली. या घरात विरोध असाच व्हायचा, आधी बोलून आणि मग काम करून.

मूळ समोर ठेवून थोरल्याने दुसरी घडवली. त्याने कॅलिपरने मापं घेतली, कागदावर नक्षी उतरवली, पाठीचा कल ओळंबा धरून तपासला. मधलीने नाकाचा खळगा आधी कानशीने, मग विटेच्या पुडीने आणि शेवटी नुसत्या अंगठ्याने घासला. शेवटचं काम कातडीनेच होतं, ते दुसऱ्या कशाने साधत नाही. डोळे मिटून ती एकदा मुळाच्या नाकावर बोट ठेवी, एकदा नवीच्या. फरक कळेनासा झाला तेव्हा थांबली. तेवढ्यापुरतं तिला बरं वाटलं होतं, हेही इथेच सांगून टाकलेलं बरं. जी झीज कुणाला करता येणार नाही असं जाणकार म्हणाला होता ती तिने करून दाखवली होती. दाखवायला मात्र समोर कुणी नव्हतं.

बैठक

आई दोघांच्या खांद्यावर हात टाकून आत आली. एक खांदा थोरल्याचा, एक वहिनीचा. पूर्वीपेक्षा बरीच लहान दिसत होती. डोळे उघडे, पण कुठेच न पोचणारे.

"पॉलिशचा वास येतोय," ती म्हणाली.

"कारखाना आहे आई, वास यायचाच," धाकटा म्हणाला.

"कारखाना मागे आहे. मी पुढे आहे."

"तुम्ही येणार म्हणून दारं पुसली," वहिनी पटकन म्हणाली. मधलीने तिच्याकडे पाहिलं. विरोधातली वहिनी आता सगळ्यांत पुढे होऊन खोटं बोलत होती, आणि चांगलं बोलत होती.

आईने काठीने खुर्चीचा पाय शोधला. पंजाला हात लावला. डावा हात सिंहावर गेला, अंगठा नाकावर. अंगठा खळग्यात एकदा फिरला, दोनदा फिरला. आईचा चेहरा हलला नाही.

जमलं, मधलीला वाटलं. आणि वाटताक्षणी तिला ते नकोसं झालं, कारण आतून कुठेतरी तिला आईने ओळखायला हवं होतं.

"बसा हळूच," वहिनी म्हणाली.

आई बसली.

आणि

(इथे एक आवाज यायला हवा होता. आधी *कर्रर्र*, मग थोडं थांबून *कुट*. आई बसली की यायचा, उठली की यायचा. तो वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जायचा. पोरांच्या वह्या त्या आवाजावर उघडायच्या, बाबांची शिवी त्या आवाजावर अर्धवट राहायची. चौघांनी नक्षी उतरवली होती, रंग उतरवला होता, तुटलेला मणी उतरवला होता, खिडकीपाशी शाल अडकते एवढं आठवलं होतं. डोळ्यांचा आणि हातांचा धंदा करणारं घर ते. आजवर एकाही गिऱ्हाइकाने खुर्ची कानाला लावून पाहिली नव्हती. आणि मुळावर आईशिवाय कुणी बसतच नसे, त्यामुळे घडवतानाही ती थोरल्यासमोर मुकी उभी राहिली होती.)

काहीच आवाज आला नाही.

थोरल्याने डोळे मिटले. वहिनीचा हात तोंडाशी गेला. ज्या शांततेत चौघांनाही एकदमच सगळं आठवलं तिच्यात आई थोडी पुढे झुकली, थोडी मागे रेलली, पुन्हा पुढे झुकली. घट्ट, मुकाट, उत्तम सांध्याची खुर्ची.

"थोरल्या," आई म्हणाली, "काम चांगलं झालंय."

तिने काठी मांडीवर आडवी घेतली.

"कितीला गेली?"

"आई, कसली कितीला, काय बोलतेस तू? औषधांनी—"

"तू गप रे. तुझ्या आवाजात गिऱ्हाईक आहे अजून. मी थोरल्याला विचारते."

"मी नाही विकली," थोरला म्हणाला. "मी फक्त कोरली."

"मी नको म्हणत होते आई, विचारा यांना," वहिनी म्हणाली.

"वा!" धाकटा उसळला. "वा वहिनी! आणि पॉलिश काय शेजारणीने केलं? दादा, तू 'फक्त कोरली'? मागच्या खोलीच्या कागदावर सही कोण करणार होतं? आणि ताई, तू का तोंड शिवून बसलीस? खोली कुणाला हवी होती?"

तर असं. एका दमात चौघांचं सगळं बाहेर.

आईने मान मधलीच्या दिशेने वळवली. उभी कुठे होती ते तिला बरोबर कळलं.

"नाक तू केलंस?"

"हो."

"अंगठा दुखला असेल."

या शब्दांवर मधलीला रडू यायला हवं होतं. आलं नाही. आईच्या आवाजात माया नव्हती, नुसती माहिती होती.

गोष्ट, आई सांगते तशी

"रडारड नको आणि पाया पडणं नको. मूळ म्हणून तुम्ही जी विकलीत ती मूळ नव्हतीच. खरी कधीच गेली. थोरला पोटात होता तेव्हा. मागच्या खोलीचं छप्पर तिच्यातूनच आलं. ह्यांनी रातोरात विकली आणि तिच्या जागी स्वतः केलेली ठेवली. घाई फार, त्यात लाकूड ओलं. मागच्या पायाचं कुसू, खाचेत बसतं ते टोक, पुढे सुकलं, सैल झालं, म्हणून करकरायची. दोनदा म्हटलं, पाचर मारा. म्हणाले, राहू दे, जुनी वाटते.

"मी नवीन होते घरात. मला म्हणाले, इथे बसत जा. डावा हात सिंहावर. बोलताना अंगठा नाकावरून फिरवत राहा. मला वाटलं, नवरा लाडाने सांगतोय. खुर्ची दिली मला. सासूने कधी साधा पाट दिला नाही, नवऱ्याने सिंहाची खुर्ची दिली. मी मैत्रिणींना सांगितलं.

"मग एकदा एका गिऱ्हाइकाला सांगताना ऐकलं, हिला अजून थोडी झिजू द्या, मग देतो. हिला म्हणजे खुर्चीला. मी तेव्हा तिच्यातच बसले होते.

"ते गिऱ्हाईक फिरकलं नाही. खुर्ची राहिली. मीही राहिले. अंगठा थांबवता आला असता, पण तोपर्यंत सवय लागली होती."

"आणि आम्हाला मूळ म्हणून..." थोरला म्हणाला. त्याला वाक्य पुरं करता येईना. आयुष्यभर तो ज्या वेलीसमोर मान खाली घालून शिकला होता, जिची बरोबरी होत नाही म्हणून त्याने कित्येकदा आपलं काम तोडून टाकलं होतं, ती वेल बाबांनी घाईत कोरली होती.

"पोरांनी जपून हाताळावी म्हणून," आई म्हणाली.

"तू कधी बोलली नाहीस?"

"कुणी विचारलं?"

धाकटा भिंतीला टेकला. "म्हणजे मी त्या माणसाला... जाणकार म्हणाला, ही झीज कुणाला—"

"खरंच बोलला तो," आई म्हणाली. "झीज खरी आहे. तेवढीच खरी आहे. सूनबाई, मला उठव. स्वयंपाकघरातलं स्टूल आण."

"आई, त्यावर पाठ टेकता येत नाही."

"आण म्हटलं ना."

सांधा

स्टूल लाल प्लॅस्टिकचं होतं. आई त्यावर काठीला धरून ताठ बसली. रिकाम्या खुर्चीकडे बघायचं सगळे टाळत होते, तेवढ्यात धाकट्याचा फोन वाजला. त्याने नाव पाहिलं आणि फोन असा धरला की जणू तापलेली कानस.

"तोच आहे."

"घेऊ नकोस," थोरला म्हणाला.

"घे आणि सांगून टाक खरं," वहिनी म्हणाली.

"खरं सांगितलं तर व्यवहार मोडला. कारखाना गेला. तुमचं छप्पर गेलं वहिनी, समजतंय का?"

फोन थांबला आणि पुन्हा वाजला. धाकट्याने घेतला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. संग्राहक खुशीत होता. खुर्ची दिवाणखान्यात शोभते म्हणाला. एकच बारीकशी अडचण. बसलं की भारी करकरते. ओळखीचा सुतार आहे, तो उद्या येऊन मागचा सांधा उघडणार, कुसू साफ करून पुन्हा बसवणार. तुमची हरकत नाही ना?

थोरल्याचा चेहरा पांढरा पडला. सांधा उघडला की आत बाबांचं लाकूड. कोणत्याही सुताराला कळेल की हे हवेलीच्या नव्हे, बाबांच्या काळातलं काम.

धाकट्याचे ओठ हलले, आवाज फुटेना. विकताना कधी न अडखळलेला माणूस. त्याने फोन थोरल्याकडे केला. थोरल्याने दोन्ही हात मागे घेतले.

मधलीने फोन घेतला.

वहिनी तिच्याकडे आशेने पाहत होती, ते तिला दिसलं. सांगणं सोपं होतं. एक वाक्य पुरलं असतं. त्या वाक्यानंतर घर एकदा तरी स्वच्छ झालं असतं, आणि उत्तरेचा उजेड, हौद, भिंतीवरचे डाग दुसऱ्या कुणाचे झाले असते. काय करते विचारणाऱ्याला पुन्हा कुणीतरी म्हणालं असतं, घरीच असते.

"नमस्कार," ती म्हणाली. "मी त्यांची बहीण. जुन्या वस्तूंचं काम मी पाहते."

हे वाक्य ती पहिल्यांदाच बाहेरच्या माणसाला सांगत होती.

"हां, बोला ना."

"सांधा उघडू नका. त्या आवाजाला हातच लावू नका. एवढं जुनं लाकूड बोलतंच. तुम्ही ते घट्ट बसवलंत तर उद्या बघणारा म्हणेल, ही दुरुस्त केलेली आहे. मग तिची किंमत राहणार नाही."

"असं होय! बरं झालं विचारलं. तुम्हाला जुन्याची चांगलीच पारख आहे."

"आमच्या घरात तेवढंच आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

धाकट्याने सुस्कारा सोडला, मग हसला, मग तिच्या खांद्यावर थाप मारायला हात उचलला आणि तिचा चेहरा बघून खाली घेतला. "ताई, उद्या सकाळी कागद करू. खोली तुझी. शब्द म्हणजे शब्द." थोरला कारखान्यात गेला. थोड्याच वेळात तिकडून पटाशीचे ठोके येऊ लागले, काही कोरत असावा किंवा काही तोडत असावा. वहिनी स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. म्हणजे उद्या ती कामाला येणार होती.

खोलीत दोघीच उरल्या.

"अगदी ह्यांचा आवाज आला बघ," आई म्हणाली. "क्षणभर वाटलं, आलेच की काय."

मधलीला बसावंसं वाटलं. बसायला दुसरं काही नव्हतं, स्टुलावर आई होती. मधली खुर्चीत बसली. जन्मात पहिल्यांदा. डावा हात आपसूक सिंहावर गेला, अंगठा नाकावर, आणि खळगा अंगठ्याला असा बसला की दचकून तिने हात उचलला. शेवटचं घासणं तिच्याच कातडीने झालं होतं. माप तिचंच होतं.

आई कान देऊन ऐकत होती.

"बसलीस?"

"हो."

"थोरल्याने लाकूड सुकलेलं वापरलं ना?"

"हो आई. नीट सुकलेलं."

"मग नाही बोलायची ही," आई म्हणाली, आणि काठीने चाचपडत तिने स्टूल खिडकीकडे वळवून घेतलं.